काटोलच्या बागेत धुकं नव्हतं

काटोलला जायचं सरांनी ठरवलं. मी नुसती गाडी चालवली. फोनवर म्हणाले, "संत्रं झाडावर आहे तवर सकाळचं ऊन काढून घेऊ म्हणतो. येशील काय वं?" सरांनी मला शाळेत चित्रकला शिकवली. आता मी बँकेत असते आणि बहुतेक रविवारी रंगपेटी घेऊन त्यांच्यासोबत हिंडते. सर बहात्तरीचे आहेत, पण त्यांना नाही म्हणायचं धाडस मला अजून होत नाही.

मी मनीषनगरला राहते आणि सर मुलाकडे, कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत. म्हणजे पहाटे पाचला आधी अख्खं नागपूर ओलांडायचं, मग बाहेरच्या रिंग रोडने काटोल रस्त्याला लागायचं. रस्ता चांगला आहे, कोळशाचे ट्रक तेवढे सांभाळा. गेटपाशी सर मफलर गुंडाळून उभे होते. गाडीच्या दाराची मूठ त्यांना दोनदा चाचपावी लागली. थंडीने बोटं आखडली असतील असं मला वाटलं.

वाटेत त्यांचा आवडता विषय निघाला, दृक्प्रत्ययवादी चित्रकार. फ्रान्समधली ही मंडळी स्टुडिओ सोडून शेतात जाऊन उभी राहिली. एकच गवताची गंजी सकाळी, दुपारी, संध्याकाळी रंगवत बसली, कारण त्यांच्या मते चित्र गंजीचं नव्हतंच, तिच्यावर पडलेल्या उजेडाचं होतं. सावलीत काळा रंग घालायचा नाही, निळा-जांभळा शोधायचा. "माहीत आहे ते काढू नको, दिसते ते काढ," हे वाक्य सरांनी आम्हाला सातवीपासून ऐकवलंय. त्या सकाळीही दोनदा ऐकवलं.

काटोलच्या बसस्थानकाजवळ तर्री-पोहे जरूर खा, पण पोह्यांवरचा तो झणझणीत रस्सा, तर्री, अर्धीच मागा. मी शहाणपणा करून पूर्ण घेतली आणि नाक पुसत बसले. सर मनापासून हसले. त्या दिवसातलं त्यांचं ते शेवटचं हसू असेल हे मला ठाऊक नव्हतं.

बाग गावाबाहेर, इंदूताई आणि त्यांच्या नवऱ्याची. सरांची जुनी ओळख. तुमची ओळख नसेल तर मालकाला विचारल्याशिवाय बागेत शिरू नका. तोडीच्या दिवसांत पाहुणा पायात येतो. आम्ही बांधावर स्टूल मांडले तेव्हा सूर्य हातभर वर आला होता. ऊन तिरपं, झाडांच्या ओळींमधून थेट आत येणारं. प्रत्येक फळाची एक बाजू पेटलेली, दुसरी थंड. मातीवरच्या सावल्या खरोखर निळ्या होत्या. इतकी वर्षं ऐकलेलं डोळ्यांसमोर असं उलगडलं की मला भरून आलं.

सरांनी पुढची झाडं झपाझप उतरवली. मग मागच्या सगळ्या भागावर करडा-पांढरा रंग पसरायला सुरुवात केली. मी मनात म्हटलं, आलं सरांचं धुकं.

आठ-साडेआठला इंदूताई रिकामे क्रेट घेऊन आल्या आणि चित्रापाशी थबकल्या. "सर, हे पांढरं काय होय जी?"

"धुवारी," सर म्हणाले. आमच्याकडे धुक्याला धुवारीच म्हणतात.

"धुवारी कुठी हाय? आज तं साफ ऊन पडून राहिलं. धुवारी असती तं आम्ही तोडाले लागलो असतो का? ओलं फळ टिकत नाई."

सरांनी ब्रश खाली घेतला आणि माझ्याकडे वळले. "तू सांग वं. आहे का नाही?"

मी ओळीच्या टोकाकडे पाहिलं. शेवटच्या झाडावरचं एकेक फळ दिसत होतं. त्यामागच्या तारेच्या कुंपणावर एक पक्षी बसला होता, तोही दिसत होता. खोटं बोलावंसं फार वाटलं.

"नाही सर. टोकापर्यंत स्वच्छ आहे."

"मग मले काहून दिसून राहिली?"

इंदूताई क्रेट तिथेच ठेवून सरांच्या शेजारी बांधावर बसल्या. सर आपणहून सांगायला लागले. वसाहतीतल्या दिव्यांभोवती कडी दिसतात. समोरची इमारत पुसट दिसते. "मले वाटे कोराडीची राख असन. तिथं सगळ्यायलेच तसं दिसत असन." चष्मा पुसत राहिले, डॉक्टरकडे गेले नाहीत. त्यांनी कुणाला विचारलंही नाही.

त्यांनी विचारलं नाही, पण मी तर बघत होते. दोन वर्षं सरांच्या चित्रांत धुकं वाढत चाललं होतं आणि मी त्याला शैली म्हणत होते. अंबाझरी तलावाच्या त्यांच्या चित्रावर याच ब्लॉगवर मी लांबलचक लिहिलं होतं, 'सरांच्या धुक्याने तलाव हलका झाला' वगैरे. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी वाहवा केली. मी ती सगळी सरांना मोठ्याने वाचून दाखवली, आणि त्यांनी आणखी धुकं काढलं. बांधावर बसल्या बसल्या मला माझीच लाज वाटली.

चित्र अर्धंच राहिलं. परतताना इंदूताईंनी संत्र्यांची पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डॉक्टरले दाखव बाई, आता टाळू नको."

मंगळवारी रजा टाकून मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तो काढला की धुकं जाईल. पण त्याच्याआड काचबिंदूने डाव्या डोळ्याची बरीच नजर खाल्ली आहे, ती परत यायची नाही. उजवा डोळा थेंब घालून सांभाळायचा. "दोन वर्षं आधी का नाही आलात?" डॉक्टरांनी विचारलं. सर म्हणाले, "माझंच चुकलं." मी तोंड उघडलं नाही.

काटोलला डिसेंबरातच जा, उजेडाला तोड नाही. ते ऊन अजून माझ्या डोळ्यांत आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

घरी येऊन अंबाझरीची जुनी पोस्ट काढून टाकायला बसले होते. तुमची वाहवा पुन्हा वाचली आणि पोस्ट राहू दिली. तिच्याखाली एक ओळ घातली आहे: त्या दिवशी तलावावर धुकं नव्हतं, मी सरांच्या शेजारीच उभी होते.