गोलकीपर शेवटी

माझी बायको गोलकीपर सगळ्यात शेवटी घ्यायची. बाकीचे घाबरून आधी घेत. ती गालिच्यावर मांडी घालून, मोबाईल उशीला टेकवून बसायची आणि म्हणायची, "त्याला कोण पळवतोय? शेवटी बघू."

तिचं नाव हमीदा. रमजानच्या आधी गेली. मी रियाधला अल सुलैमध्ये एका गोदामाची गाडी चालवतो. शाळा चौथीपर्यंत. घरात आम्ही आमच्या रत्नागिरीकडच्या बोलीत बोलायचो, हे मात्र शाळेत शिकवलं होतं तसं लिहितोय. तिने वाचलं असतं तर म्हणाली असती, "मास्तर कधी झालात?"

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना सांगतो. मलाही अर्धाच ठाऊक आहे. इंग्लंडात फुटबॉलच्या मॅची होतात. आपण इथे बसून मोबाईलवर आपली टीम करायची. आपला माणूस तिकडे खरा गोल मारतो, गुण आपल्याला इकडे मिळतात. आमच्यात आठ जण. एक खेळाडू एकाच्याच टीमला, म्हणून सीझनच्या आधी सगळे एकत्र बसून आळीपाळीने उचलतात. त्याला ही पोरं ड्राफ्ट म्हणतात. हमीदा म्हणायची वाटे. बंदरावर मासळीचे वाटे लावतात ना, तसे. आणि पाळी नांगरासारखी फिरते. एकापासून आठपर्यंत गेली की आठवरूनच वळते आणि उलटी येते. म्हणजे आठव्याला लागोपाठ दोन मिळतात. चिठ्ठ्या टाकायच्या आधीच हमीदा म्हणायची, "आठवा मला द्या. मला दोन एकदम उचलू द्या, मग तुमची पाळी फिरून येईपर्यंत मी चहा करते."

ती या खेळात आली ती इम्तियाजमुळे. इम्तियाज आमचा मुलगा. त्याला लांब रास अल खैरला नोकरी लागली, शिफ्टची. टीम अर्ध्यावर पडली. बाकीचे त्याचेच दोस्त, कुरकुर करायला लागले. तो फोनवर म्हणाला, "अम्मी, छोड़ दो ना, गेम ही तो है." ही म्हणाली, "मध्येच सोडायचं नाही. मला सांग, कुठे दाबू." तेव्हा तिला हाफ टाइम म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. गाड्या धुणारी पोरं रस्त्यात चेंडू खेळायची, तेवढाच फुटबॉल तिने बघितलेला.

पण बाजार तिला कळायचा. खेळाडूंची नावं तिच्या तोंडात बसेनात, तिने आपली ठेवली. एक लंबू, एक कर्णफुल्या, एक रडका. पुढे खेळणारे, गोल मारणारे, त्यांना ती सुरमई म्हणायची. "सुरमई चार येतात आणि गिऱ्हाइकं आठ. ती आधी उचला." मधल्या फळीत पेनल्टी मारणारा कोण ते ती विचारून घ्यायची आणि त्याला दुसरा घ्यायची. मागचे बचाववाले म्हणजे बांगडे. "बांगडा संध्याकाळपर्यंत मिळतो. घाई कशाला?" आणि गोलकीपर शेवटी. तिचं एकच म्हणणं होतं, "चांगलं काय ते बघू नका. संपणार काय ते बघा."

एका वर्षी मधल्याच फेरीत ती स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली, "गोलकीपर संपत आले वाटतं." विनायक बसला होता समोर. हा सांगलीचा, औषधाच्या दुकानात असतो. त्याने लगेच गोलकीपर घेतला. त्याचं बघून हॉस्पिटलातल्या वर्षा सिस्टरने घेतला. मग लाईनच लागली. तेवढ्यात हिने स्वतःला हवे होते ते दोन बांगडे उचलले. विनायकला पाळी उलटल्यावर कळलं.

"चाची, तुम्ही मला गंडवलंत."

"मी कुठे काय केलं? मी आपली चहाच्या भांड्याशी बोलत होते."

"चहाच्या भांड्यात गोलकीपर कुठून आला?"

"तूच घातलास."

ती पहिली मात्र कधी आली नाही. तिसरी यायची, पाचवी यायची. शेवटी उरलेला गोलकीपर म्हणजे कसा असणार? तिच्याकडे दरवर्षी एकच यायचा, दाढी पांढरी झालेला, ज्याला कुणी घेत नसे. त्याला ती म्हातारा म्हणायची. एका मॅचला त्याच्यावर इतके गोल झाले की वर्षा हसून हसून खोकायला लागली. हमीदा म्हणाली, "दमला असेल. घरी कुणी भांडलं असेल." पुढच्या वर्षी परत तोच घेतला.

इकाम्याचे, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचे, पैसे वाढले तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी माणसांनी एकेक करून बायका गावी पाठवल्या. त्यांनी गावी घरं बांधली, स्लॅबची. मीही तिला म्हटलं, तू जा, घर तरी होईल उभं. गावी आमचं फक्त जोतं बांधून झालं होतं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घर गोलकीपर आहे. त्याला कोण पळवतंय? शेवटी बघू."

मी म्हटलं, "आणि आधी काय?"

म्हणाली, "आधी जे संपतं ते. तुम्ही आणि मी. आता पुरे, गॅस बघा."

म्हणून ती इथे दोन खोल्यांत राहिली. जोत्यावर गवत वाढलं. पावसाळ्यात तिथे शेजाऱ्यांच्या शेळ्या बसतात म्हणे.

पोटात दुखायचं तिला. वर्षाने आपल्या हॉस्पिटलात नेलं. फार दिवस लागले नाहीत. इम्तियाज पोचला तेव्हा ती बोलत होती. नंतर बोलली नाही. दफन इथेच केलं. इथे कबरीवर नाव लिहीत नाहीत, नुसता दगड असतो. मी जातो तेव्हा भिंतीकडून अंदाजाने जातो. लोक म्हणाले, चाचा, रडा, मोकळे व्हा. नाही येत तर काय करू? गाडी चालवतो. घरी येतो. भात जास्त होतो, तो दुसऱ्या दिवशी खातो.

सीझन जवळ आला तसा विनायक गोदामावर आला. उन्हात उभा राहिला, बूट बघत. म्हणाला, "चाचा, चाचींची जागा... आठ लागतात. दुसरा माणूस तयार आहे. पण तुम्ही नको म्हणालात तर नको. सातच खेळू."

मी म्हटलं, "शुक्रवारी या. घरीच या. तेव्हा सांगतो."

मला तोपर्यंत काही ठरवता आलं नाही. दुसरा माणूस आला तर तिचा आठवा नंबर त्याचा. सातच राहिले तर पाळी सातावरच वळणार. ती कुठे नव्हतीच, असं होणार. यातलं एकही मला चालत नव्हतं. दुसरं काही सुचतही नव्हतं.

जुम्म्याच्या नमाजानंतर सगळे आले. चहा वर्षाने केला. साखरेचा डबा कुठे असतो ते तिला माहीत होतं. चिठ्ठ्या टाकल्या. आठची चिठ्ठी कुणी घातलीच नव्हती. ती विनायकने बाजूला ठेवली होती, कपाखाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ती उचलली आणि उशीजवळ बसलो, तिच्या जागेवर.

पाळी सुरू झाली. सुरमया गेल्या. लंबू गेला, रडका गेला. आठवर आली. विनायक म्हणाला, "चाचा, तुमची."

मी म्हटलं, "म्हातारा."

मग वर्षा हळू आवाजात म्हणाली, "काका, तो शेवटच्या फेरीतही मिळेल. त्याला कुणी घेत नाही."

"माहीत आहे."

"काकी म्हणायच्या ना, गोलकीपर शेवटी."

"म्हणायची. शेवटाला पोचली का?"

मला असं बोलायचं नव्हतं, पण बोललो. विनायकने म्हाताऱ्याचं नाव माझ्यापुढे लावलं. आठव्याला दोन मिळतात, म्हणून तो दुसऱ्यासाठी थांबला. मला दुसरं नाव येत नव्हतं. मी म्हटलं, "मला एक पुरे."

"एकावर टीम होत नाही, चाचा. जागा भरावी लागते. रूल आहे."

"मग तू सांग."

त्याने पेनल्टी मारणारा कुणीतरी सांगितला. मी हो म्हटलं. मग पाळी उलटी गेली आणि मी उठून कप धुतले.

सीझन सुरू झालाय. म्हातारा आता खेळत नाही. त्याच्या टीमने नवा पोरगा आणलाय, म्हातारा कोट घालून बाकावर बसलेला असतो. माझ्या बाकीच्या जागा विनायकने भरल्या, त्यात आणखी एक गोलकीपर आला. त्याला लावलं तर गुण मिळतील, असं इम्तियाज फोनवर सांगतो. कुठे दाबायचं तेही सांगतो. शनिवारी मी मोबाईल उशीला टेकवून ठेवतो. म्हाताऱ्यापुढे शून्य येतं. मी त्याला काढलेला नाही.