बँजोचा फाटका आवाज

मंगळू गावित वर्षातले चार महिने भात-नागलीचा शेतकरी असतो, दोन-तीन महिने दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मजूर असतो आणि लग्नसराईत मात्र फक्त बँजोवाला असतो. त्या दिवसांत त्याला कुणी "जरा बैल सोड" म्हटलं तरी राग येतो. सुरगाण्यापासून हरसूलपर्यंत त्याची बँजो पार्टी ज्या पाड्यावर गेली नाही, तो पाडा शोधूनच काढावा लागेल.

लोक त्याला तोंडावरून कमी आणि आवाजावरून जास्त ओळखतात. त्याच्या बँजोचा आवाज फाटका आहे. खरखरीत, घोगरा, जत्रेत दिवसभर ओरडलेल्या माणसासारखा. वरात दरीच्या पलीकडे असली तरी अलीकडची म्हातारी माणसं मान वर करून "मंगळू आला" म्हणतात. डीजेवाले आले, त्यांच्या भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे भल्याभल्या पार्ट्यांनी गाशा गुंडाळला. मंगळूची पार्टी टिकली ती या आवाजावर.

आवाज यायचा एका पिवळ्या खोक्यातून. हा अँप्लिफायर तीस वर्षांपूर्वी नाशिक रोडच्या गोटीराम मिस्त्रींनी बांधून दिलेला. तेव्हा मंगळू तिकडे बांधकामावर मजुरीला होता. हौसेने बँजो घेतला होता, पण कुठलीच पार्टी त्याला उभं करत नव्हती, कारण ढोल आणि सांबळ सुरू झाले की त्याचा बँजो ऐकूच यायचा नाही. मिस्त्रींचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी त्याला दुकानाच्या पायरीवर बसवून तासभर वाजवायला लावलं, मग "बँजो इथंच ठेव, आठ दिवसांनी ये" म्हणाले, आणि आठव्या दिवशी खोका हातात ठेवला.

दुसऱ्या वर्षी झुरळ गेलं म्हणून मंगळूने खोका उघडला, तर आतल्या स्पीकरचा कागद, आवाजाबरोबर थरथरतो तो, फाटलेला. मिस्त्रीनं भंगारातला माल दिला, असं त्याने ठरवून टाकलं. भांडायला गेला नाही, कारण तोवर पार्टी जोरात चालायला लागली होती. पण सोडलंही नाही. प्रत्येक लग्नात पंगतीला बसला की तो गोष्ट रंगवायचा, "नाशिक रोडच्या गोटीराम मिस्त्रीनं फाटका स्पीकर माझ्या माथी मारला. म्हटलं, मार! फाटक्यातून बी तुम्हाला नाचवलं का नाय?" पंगत हसायची, वाढपी हसायचे, नवरदेवाचा बापसुद्धा हसायचा. तीस वर्षं ही गोष्ट चालली. मिस्त्रींचं तोंड मात्र मंगळूने पुन्हा पाहिलं नाही.

यंदा खोका थकला. दहा मिनिटं वाजला की आतून जळका वास यायचा आणि आवाज बसायचा. सुरगाण्याच्या वायरमनने उघडून पाहिलं आणि सांगून टाकलं, "याचा ट्रान्सफॉर्मर आता मिळत नाय. अजून चार-दोन वेळा चालंल, मंग राख." मंगळूने दुसरे दोन अँप आणून पाहिले. बँजो पुन्हा तीस वर्षांपूर्वीसारखा बारीक झाला. तो रात्री जेवला नाही. बायको नवसाबाई म्हणाली, "एवढं काय? खोकाच तर हाय." तो म्हणाला, "खोका गेला तर माझा बँजो गेला."

त्यांची मुलगी राखी नाशकातल्या अंबडच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला आहे. तिने मोबाईलवर काय काय पाहिलं, कुणाकुणाला विचारलं आणि एका शनिवारी पाठीवरच्या पिशवीतून एक काळा डबा घरी आणला. पोळपाटाएवढा असेल. खाली पायाने दाबायची बटणं, वर काचेचा पडदा. "हे गिटारवाले वापरतात," ती म्हणाली. "याच्यात शंभर अँपचे आवाज आहेत."

पोरीने स्वतःच्या पगारातून आणलेलं, म्हणून मंगळू आधी आदराने लांबच बसला. मग हेडफोन लावून शंभरातले साठ-सत्तर आवाज ऐकले. एकात आपण मोठ्या मैदानात उभे आहोत असं वाटत होतं, एकात विहिरीत. सगळे चांगले होते, त्याचा एकही नव्हता. "हे सगळे साहेब लोक हायत," त्याने हेडफोन काढून ठेवला.

"थांबा की. खरी गंमत पुढेच आहे," राखी म्हणाली. "आपला आवाज याला शिकवता येतो. हा डबा खोक्यात शिट्ट्या सोडणार, खोका त्या आपल्या आवाजात म्हणणार, समोर ठेवलेला माईक ते ऐकून डब्याला सांगणार. चार-पाच मिनिटांचं काम. मग खोका गेला तरी आवाज राहील."

"म्हंजे फोटोच की."

"तसंच समजा. पुढच्या शनिवारी आले की काढू."

इथे राखीचं चुकलं, कारण फोटो म्हटल्यावर आमच्याकडे काय होतं हे तिला ठाऊक असायला हवं होतं. डोंगरातला माणूस फोटो काढायचा तर अंघोळ करतो, केसांना तेल लावतो, स्वतःचा सदरा बरा नसला तर शेजाऱ्याचा आणतो. मंगळूने आठवडाभरात खोक्याला पिवळा रंग दिला. मग जीप पकडून नाशकात गेला आणि स्पीकरला नवाकोरा कागद बसवून आणला. जुना फाटका कागद तिथेच टाकून दिला. शनिवारी राखी येईपर्यंत खोक्याला हळदकुंकू आणि झेंडूचा हार होता. मुलीचा फोटो पाहुण्यांना पाठवायचा असावा, असा थाट.

राखीने तारा जोडल्या, माईक समोर धरला. डब्याने शिट्ट्या मारल्या, फुसफुसला, घरघरला, आणि पाच मिनिटांनी पडद्यावर 'झालं' अशी खूण आली. मंगळूने बँजोवर हात टाकला.

आवाज स्वच्छ आला. पहिल्या बाकावर बसणाऱ्या, रोज गृहपाठ करणाऱ्या पोरासारखा. राखीने डब्यातलं हे वाढवलं, ते कमी केलं, पुन्हा शिट्ट्या मारायला लावल्या. दुसऱ्यांदाही तेच. शेवटी तिने डबा बाजूला ठेवून बँजो सरळ खोक्याला जोडला. खोकाच तसा वाजत होता. तेव्हा तिने वाकून आत पाहिलं.

"बाबा, कागद नवा आहे?"

मंगळूने सांगितलं, आणि सांगता सांगताच आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. खोक्यातून तोवर जळका वास सुटला होता. आठ दिवसांवर हरसूलचं लग्न होतं. तीस वर्षांचा आवाज त्याने स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकला होता, तोही हार घालून.

ब्लेड घेऊन आपणच फाडू, असं त्याला एकदा वाटलं. पण कुठे आणि किती? मग तो कधी नव्हे ते म्हणाला, "मिस्त्रीकडे जाऊ."

रविवारी सकाळी बापलेक खोका, बँजो आणि डबा घेऊन नाशिक रोडला पोचले. दुकान केव्हाच बंद झालं होतं. मिस्त्री मागच्या गल्लीतल्या घरी भेटले. ऐंशीला टेकलेले, ओट्यावर खुर्ची टाकून ऊन खात बसलेले. त्यांची सून मीना म्हणाली, "मोठ्याने बोला. कानाला मशीन आहे, पण तेही नावालाच."

मंगळू नाव सांगायच्या आधी मिस्त्रींनी खोका ओळखला. समोरची जाळी काढायला लावली, आत बोट फिरवलं.

"कागद कुणी बदलला?"

"मीच," मंगळू ओरडून म्हणाला. "फोटोसाठी."

"गाढव आहेस," मिस्त्री म्हणाले. "मीना, दाढीचं ब्लेड आण."

त्यांनी कागदावर तर्जनीने टिचक्या मारल्या, एका जागी थांबले आणि मधल्या टोपीपासून कडेपर्यंत ब्लेड ओढलं. "वाजव." तो वाजवायला लागला आणि मिस्त्रींनी कान नव्हे, उजवा तळहात खोक्यावर ठेवला. डोळे मिटले. मान हलवली. पहिल्याशेजारी दुसरी चीर दिली, तिरकी. पुन्हा हात ठेवला. तिसरी चीर नखाएवढी होती. आणि तिसऱ्या चिरेबरोबर गल्लीत तो आवाज उभा राहिला, घोगरा, फाटका, दरीच्या पलीकडे जाणारा. समोरच्या खिडकीत दोन डोकी आली.

मंगळूचे हात थांबले. तो मोठ्याने म्हणाला, "मिस्त्री, म्हंजे तेव्हा बी तुम्हीच..."

"तुझा बँजो गोड होता," मिस्त्री म्हणाले. "गोड आवाज ढोलात बुडतो. त्याला खरखर पाहिजे. कापायचा किती, ते मला कुठं ठाऊक होतं? सात कागद वाया गेले. एक नुसता फडफडायचा, एक डास गुणगुणावा तसा. आठव्या दिवशी आठवा कागद लागला."

"मंग मला सांगितलं का नाय?"

"नवी वस्तू मुद्दाम फाडून दिली म्हटलं असतं, तर घेतली असतीस?"

मंगळू कागदावरच्या तीन चिरा मोजत बसला. राखीने मात्र वेळ घालवला नाही. खोका गरम व्हायला लागला होता. तिने तारा जोडल्या, माईक लावला, बटण दाबलं. शिट्ट्या सुरू झाल्या. ओटा थरथरला, शेजारचं कुत्रं पळालं, मीनाने कानांत बोटं घातली. मंगळू पडद्यावरच्या पुढे सरकणाऱ्या रेघेकडे पाहत होता आणि नाकाने वास घेत होता. रेघ अर्ध्यावर असताना वास आला. पाऊण झाली तेव्हा मागच्या फळीतून धुराची बारीक रेषा निघाली. राखीचा हात प्लगवर गेला. "नको," मंगळू म्हणाला, "त्याला पुरं करू दे." पडद्यावर 'झालं' अशी खूण आली आणि तिने प्लग ओढला. खोका त्यानंतर पुन्हा लागला नाही.

राखीने हेडफोन डब्याला जोडला. मंगळूने तो हातात घेतला, कानाकडे नेला आणि तसाच मिस्त्रींच्या डोक्यावर चढवला. त्यांच्या कानाचं मशीन मीनाने आधी काढून घेतलं. राखीने आवाज हळूहळू वाढवत नेला. मंगळू वाजवत होता, पण बाहेर नुसती तारांची किणकिण. काय वाजतंय, ते एकट्या मिस्त्रींना कळत होतं.

आधी ते नुसते बसून होते. मग त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरायला लागली. "आलं," ते फार मोठ्याने म्हणाले. "ऐकू आलं गं, मीना! नुसतं हाताला नाही, कानात आलं!"

मीनाने पदर डोळ्यांना लावला. मंगळूचंही मन भरून आलं. ज्या माणसाने आपल्यासाठी आठ दिवस दुकान बाजूला ठेवलं, त्याच्या नावाने आपण तीस वर्षं पंगती हसवल्या. हे पोटात ठेवून त्याला परत जाता येईना. त्याने मिस्त्रींच्या डोक्यावरून हेडफोन उतरवला आणि तो बोलला. मिस्त्रींना ऐकू गेलं नाही. पुन्हा बोलला, तेही गेलं नाही. शेवटी मंगळूला ओट्यावर उभं राहून, समोरच्या चार खिडक्यांच्या साक्षीने, कानाशी वाकून ओरडावं लागलं, "मिस्त्रीनं फाटका स्पीकर माथी मारला, असं मी सगळ्या लग्नांत सांगत आलो! माणसं तुमच्यावर हसवली! माझं चुकलं!"

मिस्त्री गालातल्या गालात हसले.

"ठाऊक आहे. पेठ तालुक्यातला एक माणूस रेडिओ घेऊन आला होता, तोच म्हणाला, तिकडे तुमच्या नावावर हसतात. मी त्याला विचारलं, हसतात ते असू दे, नाचतात का? तो म्हणाला, पाय मोडेस्तोवर नाचतात. मग म्हटलं, सांगू दे त्याला काय सांगायचं ते."

मंगळू खाली बसला आणि त्याने मिस्त्रींच्या पायांवर डोकं टेकलं. आजवर इतकं ऋणी त्याला कुणाच्याच पुढे वाटलं नव्हतं, हे त्याला सांगायचं होतं; पण ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

मिस्त्रींनी त्याच्या पाठीवर थाप मारली, हेडफोन स्वतःच्या हाताने डोक्यावर चढवला आणि बँजोकडे बोट दाखवलं.