अपभ्रंश

वाळत्या मोहफुलांचा वास आला की आजही माझी मान खाली जाते. ऐंशीच्या दशकात नागपूरचे एक प्राध्यापक गडचिरोलीकडच्या आमच्या अंगणात, त्याच वासात बसून आईच्या बोलीतले शब्द वहीत उतरवून गेले. वर्षभरानं पुस्तक आलं. तिच्या प्रत्येक शब्दापुढे शेरा होता: अपभ्रंश.

"काय लिवलं आहे?" आईनं विचारलं. बिघडलेला शब्द, असं सांगायला माझी जीभ रेटेना.

"लय जुना, अस्सल शब्द," मी म्हणाले.

आई हरखली. मला घेऊन शाळेत गेली. "गुरुजी, माह्ये सारे शब्द अपभ्रंश आहेत!"

गुरुजी खो खो हसले आणि त्यांनी खरा अर्थ सांगितला.

परतताना ती म्हणाली, "ते नागपूरचे सर तं परके होते. तू काऊन फसवलं मले?"