फ्लेक्सवरची चुलती

मथुराकाकू कुणाची चुलती म्हणून मेली नाही.

हे आधी वाचा. मग हात जोडायचे इमोजी टाका.

आज सकाळी स्टँडसमोर फ्लेक्स लागला. "दूध संस्थेचे चेअरमन मा. साहेब यांच्या चुलती मथुराबाई यांचे दुःखद निधन."
पुढाऱ्यांचे फोटो परातीएवढे. काकूचा बिस्किटाएवढा.

अरे, ती संस्था तिनं काढली!

दुष्काळात गाव जनावरं बाजाराला काढत होतं, तेव्हा पेंडीचं दुकान चालवणाऱ्या या विधवा बाईनं आपल्या जागेत पत्र्याचं शेड टाकलं. बायकांना म्हणाली, "गाय इकू नका. पेंड मी देते, दूध मला घाला."

तालुक्याचा एक पुढारी सगळ्यांदेखत हसला. "बायकांचं दूध. निम्मं पाणीच असंल."

काकू म्हणाली, "साहेब, हितं प्यायला पाणी न्हाई. दुधात घालायला कुठून आणू? तुमचा टँकर तर आजून गावात आलाच न्हाई."

माझी आई दर दिवाळीनंतर ऊस तोडायला जायची. मी तिच्या मागं फडात, शाळा बोंबलत. काकूच्या डेअरीला दूध घालायला लागली आणि आईनं कोयता आढ्याला खोचला, तो खोचलाच. मी आज नर्स आहे ती त्यामुळं.

आता आमच्याकडची रीत ऐका. बाई सरपंच झाली की तिच्या नवऱ्याला सरपंच म्हणायचं. बाई चेअरमन झाली की नवरा चेअरमन.
काकूला नवरा नव्हता. मग लोक पुतण्याला चेअरमन म्हणायला लागले!
त्याचं काम काय? काकूला मोटारसायकलवर तालुक्याला नेणं. बस्स.

मी चिडायचे. ती म्हणायची, "म्हणू दे गं. म्हणल्यानं काय हुतंय?"

हुतंय काकू. लई हुतंय.

म्हणता म्हणता तो खरंच झाला. निवडणूक म्हणे बिनविरोध. विरोध करायला तुला कुणी आत बोलावलंच नाही. शाल, नारळ आणि "आता आराम करा."
त्यानंतर तू डेअरीची पायरी चढली नाहीस.

मागच्या महिन्यात भेटले तेव्हा म्हणालीस, "आख्खं गाव मला काकूच म्हणलं बघ. चेअरमन कुणी म्हणलं न्हाई."
आणि भिंतीकडं तोंड केलंस. माझ्या जिवाला ते अजून लागतंय.

तर साहेब, आज तुमच्या डेअरीत दूध आलं नाही. एकाही बाईनं घातलं नाही. कुणी मीटिंग घेतली नव्हती.

तुम्ही माझ्या आईला फोन केलात. स्पीकर चालू होता, मी शेजारीच होते.

"मावशे, आज दूध का घातलं न्हाई?"

आई म्हणाली, "आमची चेअरमन वारली. आज डेअरीला सुट्टी हाय."

राम राम, चेअरमन.