नणंदेचं ॲव्हरेज

माझ्या थोरल्या नणंदेइतकी पेट्रोलची काळजी वाहणारी व्यक्ती लालबागपासून गिरगावपर्यंत दुसरी सापडणार नाही. पेट्रोल विकणाऱ्यांनीही त्याची एवढी काळजी वाहिली नसेल. नणंदेवर चार चांगली वाक्यं लिहायला बसलेली भावजय बघून आमच्या गिरगावच्या फणसवाडीतल्या बायका भुवया उंचावतील, उंचावू देत. मी त्यांना ताई म्हणते. ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही, कारण विचारलं तर "वेळ मिळाला नाही" एवढंच सांगतात. आयुष्यभर दुसऱ्यांचे ट्रंक कॉल जोडून दिल्यामुळे फोनवर तीन मिनिटांच्या वर बोलणं हा त्यांच्या लेखी अपराध आहे; गणपतीत कोकणात जायचं ठरवताना सगळं घर तासभर भांडेल, ताई मात्र तारीख सांगून फोन ठेवून मोकळ्या. अशा या बाईंनी साठीला टेकल्यावर ड्रायव्हिंग शिकून घेतलं आणि निवृत्तीच्या पैशातून गाडी घेतली, तीही हायब्रीड. म्हणजे अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर. त्या दिवसापासून आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान गाडीच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या ॲव्हरेजच्या आकड्याला मिळू लागला.

सत्तावीस. एका लिटरमध्ये सत्तावीस किलोमीटर. हा आकडा टिकवण्यासाठी ताईंनी जे काही केलं ते कुणी संसार टिकवण्यासाठीही करत नाही. चप्पल काढून अनवाणी पायानं गाडी चालवायची, कारण "पायाला कळल्याशिवाय गाडीच्या मनातलं कळत नाही." एसी लावायचा नाही. ब्रेक असा दाबायचा की बॅटरी भरली पाहिजे आणि मागच्याला राग आला पाहिजे. लालबागचा उड्डाणपूल चढताना इंजिन चालू झालं की त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत आणि उतरताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की बघत राहावं. डिकीत स्टेपनीशिवाय काही ठेवायला बंदी. एकदा ह्यांचा मावसभाऊ मालवणहून आला, सोबत एवढा थोरला फणस. ताई त्याला घ्यायला दादरला गेल्या, फणसाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू नाहीतर फणस. दोघांपैकी एक." बिचाऱ्यानं फणस गाडीत ठेवला आणि स्वतः बसनं आला. आल्यावर म्हणतो, "वयनी, फणसाला पुढची सीट दिली हो!" आम्ही हसून हसून लोळलो, आणि ताई मात्र सत्तावीस शाबूत राहिल्याच्या समाधानानं चहा पीत बसल्या होत्या.

मग एका पावसाळ्यात गाडीचा डावा हेडलाईट गेला. काचेच्या आत पाणी शिरलं होतं म्हणे. ताई सर्व्हिस सेंटरला गेल्या, मीही सोबत होते. तिथल्या टाय लावलेल्या मुलानं गोड आवाजात सांगितलं की मॅडम, ह्यात बल्ब नसतो, एलईडी आतच बंद असतात, त्यामुळे पूर्ण हेडलाईट बदलावा लागेल. आणि मग त्यानं जी किंमत सांगितली ती ऐकून मी बाजूची खुर्ची धरली. आमच्या लग्नाचा हॉल त्याहून स्वस्तात मिळाला होता. ताई मात्र शांत. "म्हणजे दात दुखला की तुम्ही जबडा काढता?" त्यांनी विचारलं. पोरगा हसला. तिथं हसायला नको होतं. त्यापुढची दहा मिनिटं टेलिफोन खात्याची सगळी शिस्त मोडून ताई मालवणीत बोलल्या आणि त्या मुलानं आम्हाला पाणी, चहा आणि शेवटी बिस्किटं आणून दिली. विम्यात बसत नव्हतं, स्पेअर पार्टच्या गल्ल्या पालथ्या घातल्या तरी तसला तुकडा मिळाला नाही. तेव्हा ताईंनी जाहीर केलं, "देव सूर्य फुकट देतो. मी त्याच्या उजेडात गाडी चालवीन, पण ह्यांना एक पैसा देणार नाही."

झालं! त्यानंतर आमच्या घराण्यातले समारंभ सूर्यावर चालू लागले. हळदीकुंकवाला ताई दुपारी चारलाच हजर. यजमानीण अजून केस विंचरतेय आणि ह्या पाटावर बसलेल्या. दादरला पुतणीचं रिसेप्शन होतं, संध्याकाळी सातचं. ताई साडेपाचला गेल्या, रिकाम्या स्टेजवरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून अक्षता टाकाव्यात तसा हात हलवला, केटररकडून दोन गुलाबजाम घेतले आणि अंधार पडायच्या आत घरी. नवरी अजून पार्लरमध्ये होती. लोक म्हणायचे, अहो बदलून टाका ना तो हेडलाईट, पैशांना काय कमी आहे तुम्हाला? त्यावर ताईंचं उत्तर ठरलेलं, "प्रश्न पैशांचा नाही, जबड्याचा आहे."

आणि मग मला गाठ निघाली.

त्याबद्दल फार लिहीत नाही. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांच्या घरात नाही झालं त्यांना कधी कळू नये. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, रक्त उतरलं. डॉक्टर म्हणाले आता रेडिएशन, रोज, रविवार सोडून. परळच्या हॉस्पिटलात मशीनची वेळ मिळाली ती सकाळी सहाची. दुसरी शिल्लकच नव्हती. डिसेंबरचे दिवस, पहाटे मिट्ट काळोख. ह्यांची नोकरी पहिल्या पाळीची, आणि आधीच एवढ्या रजा झालेल्या की साहेबांनी तोंड फिरवायला सुरुवात केली होती. मी म्हटलं, टॅक्सीनं जाईन. ताई म्हणाल्या, "टॅक्सीवाले खड्डा बघून चालवत नाहीत, टाके उसवतील. मी येते." आता गंमत अशी की ताई राहतात लालबागला. म्हणजे हॉस्पिटल त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्या मला न्यायला उलट्या गिरगावात येणार, तिथून मला परत परळला नेणार. पेट्रोलच्या दृष्टीनं ह्याहून मोठं पाप नाही. आणि पहाटेच्या अंधारात, एका हेडलाईटवर! मी रात्रभर विचार करत पडले होते.

पहाटे गॅलरीतून खाली बघितलं तर वाडीच्या तोंडाशी गाडी उभी होती आणि दोन्ही हेडलाईट लखलखीत पेटलेले. मी गाडीत बसता बसता विचारलं, "ताई, हेडलाईट?"

"बल्ब गेला होता. बदलला."

"पण त्यात बल्ब नसतो म्हणाला होता ना तो?"

"तू डॉक्टरचं ऐक. गाडीचं मी बघते," ताई म्हणाल्या आणि अनवाणी पायानं गाडी सोडली. पुढे कधी तो विषय काढायची माझी छाती झाली नाही.

मला तेव्हा सतत थंडी वाजायची. मुंबईची थंडी ती काय, पण माझ्या अंगात जीवच नव्हता. स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला माकडटोपी आणि तरी दात वाजताहेत. एक-दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की गाडीत मात्र छान ऊब असते. गाडीच चांगली, असं मला वाटलं. बाजूला बघावं तर ताईंच्या कपाळावरून घामाच्या धारा लागलेल्या, ब्लाऊज पाठीला चिकटलेला, एका हातानं पदर घेऊन मान पुसताहेत आणि म्हणताहेत, "काय मेली थंडी पडलीय यंदा!" बाहेर फूटपाथवर एक बाप्या उघड्या अंगानं बादलीतून थंड पाणी ओतून घेत होता. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला घाम येतोय." तर म्हणतात, "थंडीचा येतो कधी कधी." आणि त्याच दिवसांत ॲव्हरेज घसरायला लागलं. सत्तावीसचं पंचवीस झालं, तेविसावर आलं, मग वीस. नातेवाइकांच्या ग्रुपवर ताईंनी निवेदन टाकलं की मुंबईत यंदा कडाक्याची थंडी असून थंडीत हायब्रीड गाड्यांचं ॲव्हरेज पडतं. त्यावर काय हशा पिकला! कुणी काश्मीरचे फोटो टाकले, मावसभावानं बर्फातल्या फणसाचा टाकला. मीही पलंगावर पडल्या पडल्या हसले. किती दिवसांनी हसले होते.

एक दिवस डॉक्टरांना भेटायचं म्हणून ह्यांनी रजा घेतली आणि मागच्या सीटवर बसले. भायखळ्याच्या सिग्नलला गाडी थांबली तशी ह्यांनी विचारलं, "ताई, थांबलो तरी इंजिन का चालू तुझं?" ताई गुरकावल्या, "बाबू, माका शिकव नको. बॅटरी थंड आहे." घरी आल्यावर हे चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाले, "तुला माहीत आहे का, त्या गाडीचा हीटर इंजिनाच्या उष्णतेवर चालतो. हीटर लावला की इंजिन बंदच होत नाही, पेट्रोल जळत राहतं. ताई रोज तुझ्यासाठी हीटर लावते." मी कप खाली ठेवला. हॉस्पिटलात इतक्या सुया टोचल्या तेव्हा डोळ्यांतून टिपूस नव्हतं आलं, ते सगळं तेव्हा आलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर मी स्वेटर काढून मांडीवर ठेवला आणि शक्य तितक्या ठणठणीत आवाजात म्हटलं, "ताई, आता मला थंडी वाजत नाही. हीटर बंद करा." एवढं बोलेपर्यंत दात वाजलेच.

"हीटर?" ताई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "ह्या गाडीला हीटर नाही." आणि समोरच्या जाळीतून गरम हवेचा झोत माझ्या तोंडावर येत होता.

"मग हे काय आहे?"

"गप रव गो. स्वेटर घाल."

मी स्वेटर घातला. शेवटच्या दिवसापर्यंत त्या गाडीला हीटर नव्हता, आणि शेवटच्या दिवसापर्यंत ताई घामानं निथळत होत्या.

रेडिएशन संपलं. मग तपासण्या, मग वाट बघणं. त्या वाट बघण्यात ताईंनी मला एकदाही धीर दिला नाही, "सगळं ठीक होईल" म्हणाल्या नाहीत, फक्त दर दोन दिवसांनी फोन करून "जेवलीस?" विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या. रिपोर्टच्या दिवशी नेमकं ह्यांना सुटता आलं नाही, तेव्हा ताईच सोबत आल्या. आत मात्र यायला तयार नाहीत. "पार्किंगवाले गाडी हलवायला सांगतात," म्हणाल्या. मी एकटी गेले, डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले की आता काही दिसत नाही, सहा महिन्यांनी या. मी बाहेर आले तर ताई गाडीत स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या, जागच्या जागी. मी आत बसले, दार लावलं आणि सांगितलं, "स्वच्छ आहे म्हणाले." ताईंनी मान डोलावली. पदरानं डोळे पुसले आणि ह्या वेळी थंडीला दोष दिला नाही.

मला काहीतरी बोलायचं होतं. उपकार, देव, असलं काहीतरी मनात जुळवत होते, पण ताईंसमोर ते तोंडातून येईना. समोर स्क्रीनवर आकडा दिसत होता, एकोणीस. तेव्हा मी म्हटलं, "ताई, ते बटण दाबून शून्यावर आणा ना. पुन्हा पहिल्यापासून सत्तावीस होईल."

ताईंनी आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"राहूदे गो," त्या म्हणाल्या. "एवढं पेट्रोल जाळून काय मिळालं, ते बसलंय ना माझ्या बाजूला."

आणि त्यांनी गाडी सुरू केली. आता मी बरी आहे, बाजारहाट करते, हॉस्पिटलला सहा महिन्यांनी बसनं जाऊन येते, आणि मला न्यायला पहाटे कुणी यायची गरज उरलेली नाही. जगले ह्याचा आनंद आहेच, पण आपण जगावं म्हणून कुणीतरी एवढं घामाघूम झालं, ह्याचा त्याहून मोठा आहे. त्या दिवशी वाडी आली तेव्हा ताईंनी नेहमीसारखं "सांभाळून उतर" म्हटलं, आणि रस्ता आणखी थोडा लांब असता तर किती बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.