ती बाई काय म्हणाली

मुलगी नोकरीसाठी नोएडाला राहायला गेली आणि दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच उरलो. शनिवारची दुपार खायला उठू लागली. एका सांस्कृतिक केंद्रात परदेशी सिनेमे फुकट दाखवतात असं ऑफिसात कळलं, म्हणून बायकोला घेऊन गेलो. खरं सांगायचं तर पहिल्यांदा गेलो तो तिथल्या एसीसाठी.

पहिला सिनेमा कुठल्याशा डोंगराळ देशातला होता. त्यात एक म्हातारा पाऊण तास हरवलेली शेळी शोधतो. ती मिळेल की नाही हे दिग्दर्शकालाही ठाऊक नसावं. मी दोनदा घड्याळ पाहिलं. बायकोला मात्र तो फार आवडला. परतताना मेट्रोत म्हणाली, "किती दिवसांनी कुणीतरी घाई न करता चाललेलं पाहिलं."

मग आम्ही जातच राहिलो. आसामकडच्या एका मुलीने मित्रांकडून कॅमेरा मागून आणून काढलेला एक सिनेमा पाहिला. पूर ओसरल्यावर आई आणि लेक घर धुतात, गोष्ट एवढीच. पण चिखल खरवडतानाचा तो आवाज दोन दिवस माझ्या कानात होता. एक दक्षिण अमेरिकेतला, निवृत्तीच्या दिवशी शेवटची फेरी मारणाऱ्या बस ड्रायव्हरचा. माझ्याही निवृत्तीला आठ महिने उरले होते, त्यामुळे तो मला आतून लागला. एकात तर नवरा-बायको स्वयंपाकघरात उभे राहून दीड तास प्रेमावर बोलत होते आणि गॅसवरची भाजी करपली तरी कुणाचं लक्ष नव्हतं. असल्या माणसांवर मी विश्वास ठेवत नाही.

अडचण एकच होती. पडद्याखाली इंग्रजी ओळी येतात. बायको मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी वाचते पण सावकाश. ती ओळीच्या अर्ध्यात पोचते तोवर ओळ गेलेली असते. म्हणून मी तिच्या कानाशी मराठीत सांगत असे. मागची मंडळी 'श्श, श्श' करत, त्यामुळे थोडक्यात सांगावं लागे. थोडक्यात सांगणं हा तर माझा धंदाच. तीस वर्षं मी केंद्र सरकारच्या एका खात्यात फायलींचा सारांश काढतोय. शंभर पानांचं अर्धं पान करायचं, आणि साहेबांनी काय निर्णय घ्यावा तेही त्या अर्ध्या पानातच गुपचूप सुचवायचं. यात माझा हात धरणारा कुणी नाही असं मला आजवर वाटत आलंय.

निवृत्तीनंतर साताऱ्याला परत जायचं हे माझं ठरलेलं होतं. थोरल्या भावाच्या घरात वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. बायकोला विचारलं होतं का? विचारलं होतं. ती "बघू" म्हणाली होती. मी भावाला फोनवर सांगितलं, "ती तयार आहे." भावाने खोल्यांना रंग द्यायला घेतला.

त्याच सुमारास त्या केंद्रात एका थंड देशातला सिनेमा लागला. जहाजावरून निवृत्त झालेला नवरा, त्याला आपल्या बेटावरच्या गावी परत जायचं असतं. बायको भांडी विसळता विसळता त्याच्याशी बोलते. खूप वेळ बोलते. खाली ओळींमागून ओळी जात होत्या आणि मी त्या सगळ्या वाचल्या. बायकोने कोपराने ढोसलं, "काय म्हणते ती?"

मी म्हणालो, "नको म्हणते. पण जाईल."

शेवटी दोघं धक्क्यावर उभी असतात, बोट येते, अंधार. बायकोने विचारलं, "गेली का दोघं?" मी म्हणालो, "गेली."

महिनाभराने आम्ही रविवारी मुलीकडे गेलो होतो. जेवणं झाली. आईकडून ऐकलेला तोच बेटाचा सिनेमा तिने टीव्हीवर लावला आणि आईला ओळी वाचून सांगायला स्वतः शेजारी बसली. मुलगी दिल्लीत वाढलेली. तिचं मराठी तिच्यासारखंच, घाईत आणि अर्धं हिंदीत. पण ती एकेक ओळ वाचून सांगत होती. भांडी विसळण्याचा प्रसंग आला तसा मी पाण्याचा ग्लास हातात घेतला.

"आई, ती म्हणतेय की तुझं गाव चांगलंच आहे, यार, पण मी तिथे कधी मोठ्याने हसले नाही. हसायच्या आधी मी दरवाजाकडे बघायचे. इथे मी अकेली पोस्टात जाते, अकेली परत येते. हे मला परत द्यायचं नाहीये."

बायको पुढे सरकून बसली. शेवट आला. मुलगी म्हणाली, "आणि ही नाही जात आहे. बघ ना, बॅग एकच आहे. ती फक्त त्याला सोडायला आलीय."

बायको माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती, तेच जड गेलं. "अहो, ती बाई पाच मिनिटं बोलली. आणि तुम्ही मला सांगितलंत, नको म्हणते, पण जाईल."

मुलीने आमच्या दोघांकडे पाहिलं आणि चहा टाकायला उठली. मला लाज वाटली. 'श्श' करणाऱ्यांवर ढकलता आलं असतं, पण ते खोटं झालं असतं. मी त्या ओळी वाचल्या होत्या आणि जाणूनबुजून गाळल्या होत्या.

"तू 'बघू' म्हणालीस," मी विचारलं, "तेव्हा काय म्हणायचं होतं?"

ती सांगू लागली. लग्न होऊन दिल्लीत आली तेव्हा कोथिंबीर मागायलाही हिंदी येत नव्हतं, आणि ती रस्त्यात रडली होती, हे मला माहीतच नव्हतं. मग एकेक गोष्ट तिने स्वतः शिकून घेतली. "साताऱ्याला गेलं की मी अजून धाकटी सूनच असते," ती म्हणाली. "साठीला टेकले तरी जिन्यावर पाऊल वाजलं की हात पदराकडे जातो. ड्रेस घातलेला असला तरी. मला इथेच, मुलीच्या जवळ दोन खोल्या चालतील. तुम्हाला जायचं तर जा, मी येऊन-जाऊन राहीन. पण मी तयार आहे असं कुणाला सांगू नका."

चहा आला आणि गार झाला. एवढं तिचं बोलणं मी सलग कधी ऐकलं होतं, मला आठवेना.

"मी भावाला सांगून बसलोय," मी म्हणालो.

"माहितीये मला. जाऊबाईंनी रंग कुठला देऊ म्हणून फोन केला होता."

मी तिथेच भावाला फोन लावला. त्याची माझी खुशाली झाली. मग मी घसा साफ केला. "अरे दादा, ते खोल्यांचं जरा थांबव. ही काय म्हणतेय, की..."

समोर बायको कप हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. पुढचं वाक्य माझ्याकडे तयार होतं, नेहमीसारखं, अर्ध्या ओळीचं.

मी फोन तिच्या हातात दिला.

"भाऊजी," ती म्हणाली, "वेळ आहे ना तुम्हाला? जरा मोठं सांगायचंय."