शेवटचे दोन सूर

त्यांना सगळे खात्रीवाले म्हणत. कीबोर्ड, सिंथेसायझर, विजेवर जे जे गातं ते सगळं ते दुरुस्त करत, आणि गिऱ्हाईक काहीही म्हणालं तरी "आधी खात्री करून घेतो" एवढंच बोलत. माणूस वाईट नव्हता, पण विश्वास ही वस्तू त्याच्या दुकानात मिळत नसे. पट्टी वाजली नाही की आधी तारेवर संशय, मग मालकावर, मग मालकाच्या पोरांवर. बायको पूर्वी कारखान्यात होती, आता घरीच शिवणकाम करायची. नवऱ्याच्या स्वभावाकडे लक्ष देणं तिने केव्हाच सोडलं होतं.

एका दुपारी निळ्या केसांची एक मुलगी जुना सिंथेसायझर कवटाळून दुकानात आली. तिच्या चौघांच्या बँडचा पहिला अल्बम नुकताच आला होता, शनिवारी कार्यक्रम होता, आणि नेमक्या मधल्या दोन पट्ट्या अडकत होत्या. खात्रीवाल्यांनी यंत्र उघडलं, धूळ काढली, पट्ट्यांखालचं रबर बदललं आणि म्हणाले, "वाजव काहीतरी."

तिने अल्बममधलं तिसरं गाणं वाजवलं. सात सूर भराभर, एक थांबा, मग दोन सूर.

खात्रीवाल्यांचा हात जागच्या जागी थांबला. ही चाल त्यांची होती! सव्वीस वर्षांपूर्वी भंगारातून उभ्या केलेल्या सिंथेसायझरवर त्यांनी ती घरी बसवली होती, कॅसेटवर घेतली होती आणि ती कॅसेट बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली होती. जन्मभर दुसऱ्यांची वाद्यं बोलती केली. स्वतःचे म्हणावेत असे हे एवढे नऊच सूर. ते आहेत म्हणून आपण नुसते मिस्त्री नाही, असं त्यांना मनातून वाटे.

फरक एकच होता. त्यांच्या चालीत शेवटचे दोन सूर वर चढत, हिच्या चालीत ते खाली उतरत होते. चोरीच्या गाडीची नंबरप्लेट बदलावी, तसं.

"कुठून आणलीस ही चाल?"

"घरातलीच आहे, काका."

घरातली! पण कुणाच्या घरातली? "रबर अजून बसायचंय, शुक्रवारी ने," असं धडधडीत खोटं सांगून त्यांनी यंत्र ठेवून घेतलं.

मग मोबाईलवर अख्खा अल्बम ऐकला, म्हणजे झडतीच घेतली. ड्रम मशीनची टकटक जुन्या डिस्कोतून आलेली, हे कानाने लगेच पकडलं. तो लांबवलेला थंडगार सूर परदेशी बँडच्या जुन्या रेकॉर्डमधला, तेही कळलं. एका गाण्यात तर व्हिडिओ गेममधल्या उडीचा आवाज होता. आणि गंमत म्हणजे मुलाखतीत पोरांनी हे सगळं आपणहून सांगून टाकलं होतं, कुणाचं काय ऐकलं, काय उचललं. एवढा प्रामाणिकपणा पाहून खात्रीवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली. अल्बमच्या यादीत तिसऱ्या गाण्यापुढे मात्र लिहिलं होतं, "चाल कुणाची, ठाऊक नाही."

ठाऊक कशी नाही?

घरी येऊन त्यांनी डबा उघडला. कॅसेट होती, पण उलटी ठेवलेली. ते कधी उलटी ठेवत नसत. पहिला संशय मेहुण्यावर गेला, पण मेहुण्याने नेलेली वस्तू परत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, त्यामुळे तो सुटला. राहिली बायको. जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आपल्याकडे कुणी निळ्या केसांची मुलगी आली होती का गं?"

"आली असती तर विसरले असते का मी?" बायको म्हणाली.

इतकं सरळ उत्तर! नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. पुढचे दोन दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले.

शुक्रवारी मुलगी आली. खात्रीवाल्यांनी घरून आणलेली कॅसेट लावली आणि तिच्या चेहऱ्यावर नजर रोखून बसले. आता हिचं तोंड उतरणार! पण तिचे तर डोळेच चमकले.

"अय्या, ही तर आमच्या आईची चाल! तुमच्याकडे कशी आली?" तिने संशयाने त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर त्यांच्या चांगलीच ओळखीची होती, रोज आरशात दिसायची.

"माझी आहे. मी केलीय."

"पण शेवट चुकलाय, काका." मुलगी समजावू लागली. "आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होती. खिसा लावताना सात टाके सरळ, मग थांबायचं, मग दोन टाके मागे. तेवढ्याने शिवण पक्की होते. शेजारच्या मशीनवरची एक बाई त्या ठेक्यावर गुणगुणायची, मग अख्खी रांग म्हणायला लागली. टाके मागे येतात ना, म्हणून सूर खाली येतात. आईला त्या बाईचं नाव आठवत नाही, नाहीतर आम्ही घातलं असतं." ती जरा थांबली. "पण खरंच तुम्ही केली असेल, तर पुढच्या छपाईत तुमचं नाव घालते."

खात्रीवाल्यांना "हो" एवढा एकच शब्द बोलायचा होता, तो जिभेवर आलाही होता.

"खात्री करून सांगतो," ते म्हणाले.

भर दुपारी दुकान बंद करून ते घरी आले. बायको मशीनवर बसली होती, कुणाच्या तरी पँटला खिसा लावत होती. ते दारातच उभे राहिले. सात टाके. थांबा. दोन टाके मागे. आणि मशीनच्या आवाजाखाली, ओठ न उघडता, ती गुणगुणत होती. इतकी वर्षं हा आवाज घरात होता, आणि दुसऱ्यांच्या वाद्यातली खरखर शोधणाऱ्या या माणसाने तो मशीनचाच धरला होता.

"ही चाल तुझी?"

"मग कुणाची?"

"अगं, मग मी कॅसेटवर घेतली तेव्हा बोलली का नाहीस?"

तिने कापड फिरवून घेतलं. "मला वाटलं, माझ्यासाठीच घेतलीत. तुम्ही दुकानात गेलात की ऐकते मी कधीकधी. शेवट चुकलाय, पण वाजवलीय छान."

खात्रीवाल्यांना इतकी लाज वाटली, की दोन दिवस कामापुरतंच का बोलत होतो हेही त्यांना सांगवेना. ते तिथेच कापडाच्या ढिगाशेजारी बसले. मग त्यांनी मुलीला फोन लावला आणि बायकोचं नाव सांगितलं, सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून.

"नक्की ना, काका?" मुलगी म्हणाली. "हे छापलं जाणार आहे."

"लिही तू," ते म्हणाले. "माझी खात्री आहे."